हिमधवल वृक्ष आणि आपले देवघर

मार्गशीर्ष सरता सरता, क्वचित पौष लागल्यावर, नाताळ येतो. ज्यांचे चिरंजीव अमेरिकेत स्थायिक झाले आहेत असे यजमान अलीकडे कीर्तन आटोपल्यावर आम्हांस एक प्रश्न हटकून विचारतात. सूनबाईंनी दिवाणखान्यात बर्फाने माखलेले पांढरे झाड मांडले आहे, देवघर त्याच भिंतीला लागून आहे. हे चालते काय? विचारणाऱ्याच्या स्वरात बहुधा रोष असतो. त्या रोषापायी हौसेने तिकडे गेलेले आजी-आजोबा नातवंडांशी अबोला धरून बसतात, हेही कानी येते. म्हणून हा विस्तार.

हे झाड सूचिपर्णी जातीचे, खरे अथवा प्लास्टिकचे. त्यावर कृत्रिम बर्फ चढविण्याच्या क्रियेस तिकडे ‘फ्लॉकिंग’ म्हणतात. कागदाच्या लगद्याचे किंवा कापसाचे अतिसूक्ष्म तंतू आणि चिकट पूड पाण्याच्या फवाऱ्याबरोबर फांद्यांवर उडवितात. वाळले की रात्रभर हिमवृष्टी झाल्यासारखे झाड दिसू लागते. आपल्या घरी हलव्यावर पाक चढवीत काटा आणतात, त्याची कोणासही आठवण व्हावी. पूर्वी नुसता कापूस पसरीत. १९३० ते १९४० च्या दशकांत अमेरिकेत ॲस्बेस्टॉसचा ‘बर्फ’ विकला जाई आणि लोक तो विश्वासाने मुलाबाळांत उधळीत; त्याचे तंतू फुप्फुसास घातक, हे ध्यानी आल्यावर तो मागे पडला. १९५० नंतर फवाऱ्याच्या पांढऱ्या झाडांची मोठीच लाट आली. कॅलिफोर्निया, फ्लोरिडा अशा उबदार प्रांतांत, जेथे नाताळात बर्फ पडावयाचा नाही, तेथे ती विशेष रुजली. जे दारी नाही ते घरात आणावे, ही उत्सवाची जुनीच रीत आहे. आपल्याकडे गौरी-गणपतीच्या आराशीत कापसाचा कैलास उभारणाऱ्या मंडळींनी तरी या बर्फास हसू नये.

आता शास्त्राचे पाहू. येशूजन्माची कथा मराठीस परकी नाही. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर ख्रिस्तकथेसाठी आमचे कीर्तनच हाती घेतले. परंतु बायबलातील जन्मकथेत सजविलेल्या झाडाचा उल्लेख नाही. तो लोकाचार आहे, आणि जन्मला जर्मनीत. २४ डिसेंबर हा तिकडे आदम आणि हव्वा यांचा दिवस. त्यांच्या नाटकात स्वर्गोद्यानाचे चिन्ह म्हणून सफरचंदे बांधलेले झाड रंगभूमीवर ठेवीत. स्ट्रासबुर्ग नगरात घरोघर अशी झाडे मांडून त्यांस कागदी गुलाब, सफरचंदे व साखरेचे पदार्थ लावीत, असे १६०५ सालचे वर्णन उपलब्ध आहे. १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या घरच्या झाडाचे चित्र लंडनच्या एका साप्ताहिकात आले आणि ही चाल इंग्रजी जगात पसरली. सारांश, त्या धर्मातही या झाडाची कोणी पूजा करीत नाही. ज्याची पूजाच नाही, त्याने देवघर बाटते कसे?

आणि सूचिपर्णी वृक्षाशी आपले नाते काय थोडे आहे? ‘रघुवंशा’च्या दुसऱ्या सर्गात दिलीप राजा नंदिनीच्या मागे हिमालयाच्या गुहेत जातो, तेथे सिंह त्यास एक देवदार दाखवितो. शंकराने त्या झाडास पुत्र मानलेले, पार्वतीने त्यास घागरींनी पाणी घालून वाढविलेले. एकदा रानहत्तीने अंग घासून त्याची साल सोलली, तेव्हा जगदंबेस असे दुःख झाले की जणू असुरांच्या बाणांनी कार्तिकेयच घायाळ व्हावा. नाताळचे स्प्रूस व फर हे वृक्ष देवदाराच्याच कुळातले. परंतु गंमत अशी की, ‘कुमारसंभवा’च्या आरंभी हाच कविकुलगुरू बर्फाला हिमालयाचे वैगुण्य मानतो, आणि अनंत रत्नांच्या राशीत ते एक लपून जाते, अशी त्याची बाजू घेतो. कालिदासाने ज्यास दोष म्हटले, ते या झाडाचे भूषण झाले. विदर्भातल्या उन्हाळ्यात हे काव्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस मात्र हा दोष कधीच पटत नसे!

तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे. नातवंडांच्या शेजारी, शाळेत, सर्वत्र नाताळ आहे. त्यांनी झाड मांडले तर आजोबांनी फांदीवर एक तारा स्वहस्ते लावावा. मात्र काही हौशी घरांत त्याच झाडावर गणपतीच्या लहान मूर्ती टांगतात, ते आम्हांस रुचत नाही. मूर्ती ही टांगावयाची वस्तू नव्हे. त्याचप्रमाणे इकडे पुण्या-नाशकात, ना शेजार ना आग्रह, केवळ बाजारात दिसले म्हणून प्लास्टिकचे पांढरे झाड विकत घेण्यात आम्हांस काही अर्थ दिसत नाही. थर्माकोलची मखरे २०१८ च्या बंदीनंतर आपण कष्टाने दूर करू लागलो. त्याच कोपऱ्यात हा नवा कचरा कशाला? वसईस किंवा गोव्यास कोणी स्नेही असेल तर त्याच्याकडील गोठा पाहावयास जावे, सोबत तिळाचे लाडू न्यावेत.

राहिला देवघराचा प्रश्न. त्यात धर्मापेक्षा अग्नीचे भय अधिक आहे. झाडावर मेणबत्त्या लावण्याच्या चालीने तिकडे आगी लागत. १८८२ मध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कमध्ये प्रथम विजेचे दिवे लावले. आपल्या घरी तर समई, निरांजन, धूप आणि कापूर असतो. झाडावर कापूस पसरला असेल तर ठिणगी पुरते, खरे झाड वाळल्यावर अधिकच. म्हणून झाड देवघरापासून दूर, दुसऱ्या भिंतीशी मांडावे, आणि आरतीचे तबक फिरविताना मुलांनी त्या बाजूस जाऊ नये. फवारा स्वतः मारावयाचा असल्यास तो अंगणात, नाकातोंडास फडके बांधून मारावा आणि झाड पूर्ण वाळल्यावरच आत आणावे. गळलेले पांढरे कण रांगत्या बाळाच्या तोंडात जाणार नाहीत, हे आजीने पाहावे.

६ जानेवारीस तीन राजांचा सण. गोव्यात रेइश मागुश, चांदोर, कासावली येथे तो थाटाने होतो. त्या सुमारास अनेक घरांतून झाड उतरवितात. मग संक्रांतीस आठवडा उरतो. आजी तिकडेच असतील तर त्यांनी मंद आंचेवर परात ठेवावी आणि नातवास शेजारी बसवून हलव्याला काटा कसा येतो ते दाखवावे.