जाम बोल्टशी भांडू नये

आमच्या कोकणातल्या गॅरेजमध्ये गंजाला पुष्कळदा 'जंग' म्हणतात. 'बोल्टला जंग लागलाय,' असं मिस्त्री सांगतो. शब्द फारसीतला. मूळ फारसीत गंजाचा शब्द वेगळा आणि लढाईचा वेगळा, दोन्हींचं पहिलं अक्षरही वेगळं. आपल्या बोलण्यात येता येता दोन्हींचा उच्चार एकच झाला. नवशिक्या पोराच्या हाती पाना दिला की तोही या दोन शब्दांत फरक करीत नाही. पान्याच्या दांड्यात हातभर पाईप घालतो, अंगाचा सगळा भार टाकतो, आणि 'कट्' असा आवाज येतो. बोल्टचं डोकं हातात आणि दांडा आत. दहा मिनिटांचं काम दिवसभराचं होऊन बसतं.

हा दिवस स्वस्त नसतो. मिरकरवाडा किंवा हर्णैच्या बंदरावर पंधरा-वीस वर्षांच्या पिकअप गाड्या मासळी वाहतात. गाडी उभी राहिली तर मालकाचं भाडं बुडतं, चालकाचा रोज बुडतो, आणि मासळी काही थांबून राहत नाही. म्हणून जाम बोल्ट कसा सोडवावा, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी तो जाम का होतो ते पाहू. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये अगदी बारीक फट असते. ती असते म्हणूनच नट फिरतो. त्या फटीत पाणी आणि हवा शिरली की लोखंडाचा गंज होतो. जेवढं लोखंड खाल्लं जातं, त्याच्या दुपटीहून अधिक जागा त्याचा गंज व्यापतो. म्हणजे फट भरते, आणि भरल्यावरही गंज आतून रेटतच राहतो. त्यात मीठ असेल तर हे काम झपाट्यानं होतं. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, समुद्राची हवा खारी, आणि मासळीच्या गाडीत तर वितळलेल्या बर्फाचं खारट पाणी हौद्यातून थेट चासीवर ठिबकत असतं. अशा गाडीचे बोल्ट जाम झाले नाहीत तरच नवल.

एकदा हे कळलं की उपायाची दिशा आपोआप कळते. आट्यांमध्ये गच्च बसलेला गंज मोडायचा आहे, बोल्ट मोडायचा नाही.

पहिली पायरी तारेच्या ब्रशची. बोल्टची बाहेर आलेली टोकं घासून स्वच्छ करावीत. चिखल आणि गंजाचे पापुद्रे तसेच ठेवून नट फिरवला तर ती सगळी घाण आट्यांत शिरते आणि नट अर्ध्या वाटेत पुन्हा अडकतो. मग पातळ, झिरपणारं तेल सोडावं. बाजारात फवाऱ्याचे डबे मिळतात. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध डबा डब्ल्यूडी-४० चा. तो १९५३ मध्ये अमेरिकेत धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झाला. जाम आटे सोडवण्यासाठी खास बनवलेली तेलं वेगळी मिळतात आणि ती जास्त उपयोगी पडतात. मात्र तेल कुठलंही असो, त्याला वेळ द्यावा लागतो. संध्याकाळी सोडावं, रात्री पुन्हा सोडावं आणि सकाळी पान्याला हात लावावा. काम उद्या करायचं असेल तर तेल आजच सोडायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे बोल्ट वाचतात.

दुसरी गोष्ट पान्याची. जाम नटाला बारा कोनी पाना लावू नये. तो नटाच्या फक्त कडा धरतो आणि घसरला की कडा गोल होतात. सहा कोनी सॉकेट नटाच्या सपाट बाजूंवर बसतो. तोही नेमक्या मापाचा हवा. जुन्या गाड्यांत कधी इंचातले तर कधी मिलिमीटरमधले बोल्ट निघतात, त्यामुळे 'जवळपास बसतोय' हे पुरेसं नाही. आटे उलटे आहेत का, हेही पाहावं. जुन्या विलिस जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. अशा ठिकाणी सोडवतोय म्हणून आपण आवळतच राहतो.

तिसरी पायरी ठोक्यांची. बोल्टच्या डोक्यावर सरळ, मोजके ठोके द्यावेत. गंज ठिसूळ असतो. हादऱ्यानं त्याला भेगा पडतात आणि त्या भेगांतून तेल आत जातं. मग नट आधी किंचित आवळून पाहावा. ऐकायला विचित्र वाटतं, पण गंजाची पकड सुटायला कोणत्याही दिशेची हालचाल चालते. हलला की पाव फेरा सोडवा, थोडा मागे आवळा, तेल सोडा, पुन्हा सोडवा. नट किरकिरायला लागला की जोर वाढवायचा नाही, मागे यायचं.

एवढ्यानं झालं नाही तर उष्णता. तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे. १२ मिलिमीटरचं भोक ३०० अंशांनी तापलं तर ते मिलिमीटरच्या साधारण पंचविसाव्या भागाइतकं मोठं होतं. केसाच्या जाडीहूनही कमी, पण गंजाची पकड सुटायला तेवढं पुष्कळ होतं. मात्र ज्योत पेटवण्यापूर्वी आजूबाजूला पाहावं. डिझेलची टाकी आणि नळ्या, ब्रेकचा रबरी पाईप, रबरी बुश, नुकतंच फवारलेलं तेल, यांपैकी काहीही जवळ असेल तर ज्योत नकोच. आणि लांब दांड्यानं जोर लावताना गाडी नुसत्या जॅकवर असता कामा नये. हिसक्यानं ती जॅकवरून घसरते आणि खाली माणूस असतो. खाली भक्कम घोडे आणि चाकांना लाकडाची उटी हवीच.

कधी कधी शहाणपण कापण्यात असतं. पाट्याच्या शॅकलचा बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीलाच चिकटला असेल तर तास घालवण्यापेक्षा ग्राइंडरनं कापून नवा टाकावा. नट काढायचा असेल तर त्याची एक सपाट बाजू आट्यांपर्यंत कापून छिन्नीनं फोडावी, बोल्टचे आटे वाचतात. मॅनिफोल्डचा स्टड आत तुटलाच, तर त्याच्या टोकावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंग करतात. वेल्डिंगच्या उष्णतेनं पकड सुटते आणि धरायला डोकंही मिळतं. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढायला विसरू नये.

आता सर्वांत महत्त्वाचं. काढलेल्या बोल्टच्या जागी काय लावणार? डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात. ती त्याच्या ताकदीची खूण आहे. ८.८ च्या जागी दुकानातला ४.६ चा बोल्ट लावला तर दिसायला तो तसाच दिसेल, ताकद मात्र निम्मी असेल. पाट्याचे यू-बोल्ट काढले की नवेच टाकावेत, आणि तापवून काढलेला बोल्ट पुन्हा वापरू नये. आंबा घाटातल्या उतारावर भरलेली गाडी याच चार-सहा बोल्टांच्या भरवशावर असते.

नवा बोल्ट बसवताना आट्यांवर तांब्याची पूड असलेलं किंवा ग्रॅफाइटचं ग्रीस लावावं. मात्र आटे गुळगुळीत झाले की त्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून आवळताना हात थोडा आखडता घ्यावा. चाकांच्या नटांना मात्र ग्रीस नको. ते कोरडेच आवळायचे.

या ग्रीसचा आज कुणाला काही फायदा दिसत नाही. गाडी तशीच चालते, बिलही तेवढंच होतं. आठ-दहा पावसाळ्यांनंतर दुसराच कुणी मिस्त्री त्या गाडीखाली पाठीवर झोपेल, पाना लावेल आणि नट पहिल्याच हिसक्याला सुटेल. आधी कुणी हात लावला होता, हे त्याला कळणार नाही. पण ते काम नीट झालं होतं, एवढं त्याला कळेल.