दोन बोटं वर, दोन बोटं खाली

मिनिटाला साठ फेऱ्यांच्या संथ चालीने तासभर पायडल मारलं, तर प्रत्येक गुडघा ३६०० वेळा दुमडतो आणि ३६०० वेळा उलगडतो. तो किती दुमडायचा, हे ठरतं सीटखालच्या एका नटवर.

क्रँक, म्हणजे पायडल ज्याच्या टोकाला असतं तो दांडा, साधारण १७ सेंटिमीटरचा असतो. म्हणजे सीट कुठेही ठेवा, पायडल ३४ सेंटिमीटर वर-खाली जाणारच. सीट दोन बोटं खाली असेल तर तळाशी पाय पुरता सुटत नाही आणि माथ्याशी गुडघा जास्तच मुडपतो. तोटा दोन्ही टोकांना. मुडपलेल्या गुडघ्याने जोर लावला की वाटी मागच्या हाडावर दाबली जाते. गुडघा पुढून दुखतो तो बहुधा यामुळे. शिवाय स्नायूचंही एक गणित आहे. त्यातले सूक्ष्म तंतू एकमेकांत बेताचे सरकलेले असतात तेव्हाच त्याची पकड सर्वात घट्ट असते. फार आखडला किंवा फार ताणला, तर ताकद घटते.

सपाट रस्त्यावर हे सगळं खपून जातं. बीडजवळच्या नारायणगडाला, म्हणजे आपल्या धाकट्या पंढरीला, भरल्या सायकलीने चढायला लागा. फेऱ्या मंदावतात, प्रत्येक फेरीतला जोर वाढतो आणि खाली बसवलेली सीट मांडीला कळते.

मग उंची किती? हॅम्ली आणि थॉमस या संशोधकांनी १९६७ साली सांगितलं, की तळाच्या पायडलपासून सीटपर्यंतचं अंतर जांघेपासून जमिनीपर्यंतच्या मापाच्या १०९ टक्के असावं. शर्यतपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने चालणारं सूत्र क्रँक फिरतो त्या आसाच्या मध्यापासून मोजतं आणि त्याच मापाला ०.८८३ ने गुणतं. पाऊण मीटर मापाच्या पायाला दोन्ही लावून पाहा, दीड सेंटिमीटरचा फरक येतो! त्यात ही शर्यतवाल्यांची सूत्रं. चवड्याने पायडल दाबणाऱ्यांची. आपल्याकडे चप्पल घालून तळपायाच्या मध्याने दाबतात, त्यांना सीट थोडी खालीच हवी. म्हणून मला टाचेची जुनी रीत पटते: सीटवर बसून टाच तळाच्या पायडलवर ठेवा, गुडघा जेमतेम सरळ व्हावा. मग चवडा ठेवला की तो आपोआप किंचित वाकतो; २५ ते ३५ अंशांचा हा वाक बहुतेकांना मानवतो.

सीट फार वर गेली की बूड डावी-उजवीकडे डुलतं, जांघ घासते, गुडघ्याची मागची शीर ओढते. पण लगेच नाही. घोटा मोठा लबाड: टाच उचलून तो बरीच चूक झाकतो, आणि दुखणं उगवतं चार दिवसांनी.

दुधाच्या किटल्या लादून बाजारातून जाणारा मात्र सीट मुद्दाम खाली ठेवतो. योग्य उंचीवर दोन्ही पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि गर्दीत थांबताना त्याला ते टेकलेले हवे असतात. गुडघ्याची किंमत देऊन तोल विकत घेतलेला असतो; सौदा वाईट नाही.