आखूड दाण्याचे गिऱ्हाईक

मावळातल्या एका गावी भरलेल्या भातउत्पादकांच्या शिबिरात मागच्या बाकावर बसून मी एक व्याख्यान ऐकले. वक्त्यांनी पडद्यावर सुशीचे चित्र दाखवले. जगात आखूड दाण्याच्या तांदळाला प्रचंड मागणी आहे, आपला आंबेमोहरही आखूड दाण्याचाच, तेव्हा जपान-अमेरिकेची बाजारपेठ आपली वाट पाहते आहे, असे त्यांचे म्हणणे. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी शेजारी बसलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याने मला विचारले, "मग न्यायचा कुठं, ते सांगितलं का त्यांनी?" मी कोणत्याही विद्यापीठाचा माणूस नाही, जुने अहवाल आणि व्यापाराची आकडेवारी चाळण्याचा छंद तेवढा आहे. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता तो छंद जपानपर्यंत गेला.

पहिली गाठ दाण्याच्या लांबीचीच आहे. युरोपात सव्वापाच मिलिमीटरपेक्षा (नेमके ५.२) कमी लांबीचा आणि लांबी रुंदीच्या दुपटीहून कमी असलेला दाणा 'गोल' तांदळात मोडतो. जकातीच्या कागदावर ही मापे ठीक आहेत. पण भात शिजल्यावर चिकटणार की मोकळा होणार, हे फूटपट्टी सांगत नाही. ते ठरते पिष्टातल्या अमायलोज या घटकावर. अमायलोज जास्त, तर दाणे सुटे आणि गार झाल्यावर कडक. कमी, तर भात मऊ, चकचकीत, एकमेकाला धरून राहणारा. आपल्या अनेक जाड्याभरड्या इंडिका वाणांत ते २५ टक्क्यांच्या वर असते. जपान, कोरिया आणि उत्तर चीनमधल्या जापोनिका तांदळात साधारण १५ ते २० टक्के. मोची ज्याची करतात त्या चिकट तांदळात जवळजवळ नसतेच. जपानी भात काड्यांनी उचलता येतो आणि गार झाला तरी डब्यात मऊ राहतो, तो यामुळे. आंबेमोहर आखूड आहे, मऊ आहे, गुरगुट्या भाताला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण तो जापोनिका नव्हे. अमायलोज मध्यम, आणि वास मोहराचा. सुशी करणाऱ्याला तांदळाला स्वतःचा असा वास नकोच असतो. थोडक्यात, जगात जी मागणी 'आखूड दाण्याची' म्हणून नोंदली जाते, ती लांबीची मागणी नाही. ती एका विशिष्ट जिभेची मागणी आहे.

ही जीभ किती हट्टी असते, याचा सगळ्यात मोठा प्रयोग १९९३ साली जपानमध्ये अनिच्छेने झाला. त्या वर्षी उन्हाळा आलाच नाही म्हणा ना. थंडी आणि पावसाने ईशान्य जपानमधले भात पोचट राहिले. दोन वर्षांपूर्वी फिलिपाइन्समध्ये पिनातुबो ज्वालामुखीचा स्फोट झाला होता, त्याच्या धुराळ्याशीही या थंडीचा संबंध जोडला गेला. नेहमीचे पीक १०० धरले तर त्या वर्षीचे ७४ भरले. देशाला कोटीभर टन तांदूळ लागत होता आणि हाती आला सुमारे ७८ लाख टन. परदेशी तांदळाचा एक दाणाही येऊ देणार नाही अशी घोषणा वर्षानुवर्षे देणाऱ्या सरकारला थायलंड, चीन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातून मिळून अडीच लाख नव्हे, सुमारे २५ लाख टन तांदूळ आणावा लागला.

जपानला हवा तसा तांदूळ विकायला ज्यांच्याकडे होता, त्यांच्याकडे तो इतका नव्हताच. म्हणून मोठा वाटा थायलंडच्या लांब दाण्याचा पडला. थायलंडने मदत केली होती, पण जपानी गृहिणीला तो भात सुटा, कोरडा आणि विचित्र वासाचा वाटला. दुकानदार देशी तांदळाच्या पिशवीबरोबर थाई पिशवी गळ्यात मारू लागले. काही ठिकाणी दोन्हींचे मिश्रण करून विकले गेले. थाई तांदूळ फेकून दिल्याच्या बातम्या आल्या आणि थायलंडमध्ये साहजिकच लोक दुखावले. इकडे जपानच्या एवढ्या मोठ्या खरेदीने जागतिक भाव चढले, ते तांदूळ विकत घेऊन खाणाऱ्या गरीब देशांना भोगावे लागले. एका श्रीमंत देशाने नको असलेला माल घेतला आणि त्याची किंमत तिसऱ्यानेच मोजली. बासमती सोडून दुसरे काही शिजले की नाक मुरडणारी माणसे आपल्याकडेही आहेत, त्यामुळे मला जपानी गृहिणीला दोष द्यावासा वाटत नाही.

एवढा तांदूळ सहज का मिळाला नाही, हे समजायला बाजाराची अंगकाठी पाहावी लागते. जगात दरवर्षी ५० कोटी टनांहून जास्त तांदूळ पिकतो. त्यातला जेमतेम दहावा हिस्सा देशाची सीमा ओलांडतो. बाकीचा जिथे पिकतो तिथेच खाल्ला जातो. सीमा ओलांडणाऱ्यात बहुतेक सगळा लांब दाण्याचा इंडिका असतो: भारत, थायलंड, व्हिएतनाम, पाकिस्तान. जापोनिकाचा व्यापार हा त्या दहाव्या हिश्श्यातला छोटासा कोपरा. चीनच्या हेलोंगजियांग प्रांतात जापोनिका भरपूर पिकतो, पण तो खायला चीनची माणसेही भरपूर आहेत. भरवशाने विकणारे उरतात ते मोजके, आणि त्यांची गंमत अशी की त्यातले बरेचसे कोरड्या मुलखातले आहेत.

कॅलिफोर्निया हे त्यातले ठळक नाव. तिथे व्यापारी प्रमाणावर भात सुरू झाले १९१२ च्या सुमारास, सॅक्रामेंटो खोऱ्यातल्या चिकणमातीत, जिथे दुसरे काही धड पिकत नव्हते. १९४८ साली तिथल्या बिग्ज गावच्या संशोधन केंद्रातून 'कॅलरोझ' हे वाण बाहेर पडले. अमेरिकी मापाने तो मध्यम दाणा, पण शिजून चिकटणारा. पुढे मूळ वाण मागे पडले आणि नाव मात्र त्या जातीच्या सगळ्या तांदळाला चिकटले, आपल्याकडे 'कोलम'चे झाले तसे. परदेशातली जपानी हॉटेले आज याच तांदळावर उभी आहेत. जपानच्या कृषी मंत्रालयाच्या मोजणीप्रमाणे अशी हॉटेले २००६ साली सुमारे २४ हजार होती, २०२३ साली १ लाख ८७ हजार झाली. त्याच जपानची व्यापारी तांदूळ निर्यात मात्र अजून वर्षाला ५० हजार टनांच्या आत आहे. सुशी जपानची, तांदूळ दुसऱ्याचा.

पण कॅलिफोर्नियाचे भात सिएरा नेवाडाच्या बर्फाच्या पाण्यावर पिकते. २०२२ च्या दुष्काळात तिथला लागवडीचा पेरा निम्म्यावर आला. ऑस्ट्रेलियात मरे आणि मरमबिजी नद्यांच्या कालव्यांवर भात होते. चांगल्या वर्षी दहा लाख टनांहून जास्त, आणि २००८ च्या दुष्काळात वीस हजार टनांच्याही खाली. तिथला तांदूळ खाणारे जॉर्डन आणि पापुआ न्यू गिनीसारखे दूरचे लोक. मरेच्या खोऱ्यात पाऊस पडला नाही याची बातमी त्यांना दुकानातच कळायची. इजिप्तमध्ये कोशरीत पडणारा आखूड तांदूळ नाईलच्या त्रिभुज प्रदेशात होतो. एकेकाळी तो भूमध्य समुद्राभोवती विकला जाई. २००८ साली घरचे भाव आवरायला सरकारने निर्यात बंद केली, आणि २०१८ मध्ये पाणी वाचवण्यासाठी भाताचे क्षेत्रच कमी केले. वर इथिओपिया नाईलवर धरण बांधत होता. इटलीच्या आर्बोरिओ, कार्नारोली या रिसोत्तोच्या तांदळांचे पाणी पो नदीचे, तीही २०२२ साली आटली. मऊ भाताची ही सगळी बाजारपेठ चार-पाच नद्यांच्या पाण्यावर चालते.

जपानच्या बाबतीत यात करारांची भर पडली. १९९३ च्या डिसेंबरात, म्हणजे पीक बुडालेल्या त्याच हिवाळ्यात, जपानने उरुग्वे फेरीत बाजार थोडासा उघडण्याचे मान्य केले. त्यातून पुढे वर्षाला सुमारे ७ लाख ७० हजार टन तांदूळ बिनजकात घेणे त्याला भाग पडले. त्याहून जास्त आणायचा तर किलोला ३४१ येन जकात. घेतलेल्यातला बराचसा तांदूळ जपानी माणसाच्या वाडग्यात जातच नाही. साके, मिसो, बिस्किटे, जनावरांचे खाद्य, परदेशांना अन्नमदत, असे त्याचे मार्ग. कागदावर ही 'मागणी' दिसते, पण ती सहीतून आलेली आहे, भुकेतून नव्हे. आकडे वाचताना मीही आधी इथे फसलो होतो.

घरची भूक तर घटत होती. १९६२ साली जपानी माणूस वर्षाला ११८ किलो तांदूळ खात होता. आता तो पन्नास किलोंच्या आसपास आला आहे. जास्त पिकू नये म्हणून सरकारने १९७० पासून शेतकऱ्यांना भात कमी लावायला पैसे दिले. ते धोरण २०१८ मध्ये अधिकृतपणे संपले, तरी दुसऱ्या पिकांसाठीच्या अनुदानांतून सवय चालू राहिली. उत्पादन मागणीला असे काटेकोर बेतलेले असताना २०२३ चा उन्हाळा कडक गेला आणि दाण्याची प्रत बिघडली. निईगाताचा कोशिहिकारी, १९५६ साली नाव मिळालेला आणि १९७९ पासून देशात सर्वाधिक लावला जाणारा, त्यालाही फटका बसला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मोठ्या भूकंपाचा इशारा आला, लोकांनी घरे भरून ठेवली आणि दुकानांची फडताळे रिकामी झाली. पाच किलोंची पिशवी दोन हजार येनांच्या आसपास मिळायची, ती २०२५ च्या मेमध्ये चार हजारांच्या वर गेली. "मी कधी तांदूळ विकत घेतलेला नाही, समर्थकच आणून देतात," अशा अर्थाचे बोलून गेलेल्या कृषिमंत्र्यांना त्याच महिन्यात राजीनामा द्यावा लागला. यापूर्वीही तांदळाने तिथे सरकार पाडले होते. १९१८ च्या जुलैत तोयामा प्रांतातल्या उओझू बंदरावर कोळिणींनी तांदूळ बाहेर नेण्यास विरोध केला, दंगे देशभर पसरले आणि सप्टेंबरात तेराउची मंत्रिमंडळ गेले.

२०२५ मध्ये जे घडले ते १९९३ पेक्षा वेगळे होते. या वेळी व्यापाऱ्यांनी ३४१ येन जकात भरून कॅलरोझ मागवला आणि लोकांनी तो खाल्ला. देशी तांदूळ एवढा महागला होता की जकातीसह परदेशी परवडला. जीभ हट्टी असते खरी, पण तिलाही भाव कळतो. जुलैमधल्या व्यापार कराराने अमेरिकेने ७ लाख ७० हजारांच्या त्याच मर्यादेत स्वतःचा वाटा ७५ टक्क्यांनी वाढवून घेतला.

१९१८ च्या दंग्यांचा एक धागा मात्र आपल्या स्वयंपाकघरात येतो. त्यानंतर जपानने ताब्यातल्या कोरिया आणि तैवानमधून तांदूळ ओढायला सुरुवात केली. तैवानच्या उष्ण हवेत जपानी तांदूळ नीट येत नव्हता. इसो एइकिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तिथे रुळवला. १९२६ साली अशा वाणांना 'होराई' नाव मिळाले, आणि त्यातले 'तैचुंग ६५' गाजले. पुढे पन्नाशीच्या दशकात कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या साह्याने जापोनिका आणि इंडिका यांचे संकर सुरू झाले. तिथल्या तैचुंग ६५ आणि मलायातल्या 'मयांग एबोस' यांच्या संकरातून निवड होत होत १९६५ साली मलेशियात 'महसुरी' आले. आपल्या सोना मसुरीतली मसुरी ती हीच. मोकळ्या भाताचा आग्रह धरणाऱ्या घरातही आजोळ जपानी निघते.

आता आंबेमोहराचे गिऱ्हाईक. ते सुशीच्या दुकानात नाही. ते न्यू जर्सीत, दुबईत, लंडनमध्ये वरणभातासाठी तांदूळ शोधणाऱ्या मराठी घरात आहे, आणि त्याआधी पुण्या-मुंबईत. इथेच खरी अडचण आहे. आंबेमोहराचे पीक उंच वाढून लोळते, उतारा कमी देते; म्हणून वडगाव मावळच्या केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून काढलेली इंद्रायणी १९८७ नंतर पसरत गेली. बाजारात आंबेमोहर म्हणून परराज्यातला जिरा प्रकारचा बारीक तांदूळ सर्रास विकला जातो. २०१६ साली मुळशीच्या आंबेमोहराला आणि आजऱ्याच्या घनसाळला भौगोलिक मानांकन मिळाले, पण निर्यातीच्या कागदावर त्यांचा पत्ता नव्हता. तिथे बासमती आणि 'बिगर-बासमती' एवढीच दोन घरे. सप्टेंबर २०२२ मध्ये २० टक्के निर्यात कर लागला तो बंगालच्या गोविंदभोगलाही लागला; त्याला वगळावे म्हणून तिथल्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले. जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यातच बंद झाली, तेव्हा स्वस्त नि महाग तांदूळ एकाच दावणीला बांधले गेले. उत्तर प्रदेशच्या काळानमकला एप्रिल २०२४ मध्ये एक हजार टनांपुरती सवलत मिळाली. बंदी त्या सप्टेंबरात उठली, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पाने मानांकित तांदळासाठी जकातीच्या यादीत वेगळे रकाने केले. यापुढे असा तांदूळ किती गेला, हे निदान मोजता येईल.

हे सगळे सांगायला मी त्या शेतकऱ्याकडे पुन्हा गेलो. रकान्यांचे त्यांनी लक्षपूर्वक ऐकले.

"त्या रकान्यात जिराबी बसतो का?" त्यांनी विचारले.

बसू नये, मी म्हणालो. मानांकनात उत्पादकांची नोंदणी असते. तुमची आहे का?

त्यांनी मुलाला हाक मारली. मुलगा फोनवर बोलत होता. तोवर आम्ही पडवीत वाळत घातलेल्या भाताजवळ उभे राहिलो.