जागेवरचं डोकं: बॉक्सिंगमध्ये ठोसा चुकवायचा सराव

(या भागाचं लेखी रूप. बोलताना जे अर्धवट राहिलं, ते इथे थोडं सरळ केलंय.)

मागच्या वेळी पायांबद्दल बोललो, आज डोक्याबद्दल. सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

जिममध्ये जाऊन मला सात-आठ महिने झाले होते. बॅगवर ठोसे दणादण पडायचे, त्यामुळे हवा जरा डोक्यात गेलेली. स्पारिंगला समोर एक बारीकसा पोरगा. त्याचा जॅब आला, मी डोकं सरळ मागे घेतलं. हनुवटी वर गेली, आणि मागोमाग उजवा हात बरोब्बर तिथे बसला. पडलो नाही, पण पुढचे दोन दिवस डोकं ठणकत होतं आणि मी ते सरांना सांगितलंच नाही. हा शुद्ध मूर्खपणा. डोक्याला मार बसल्यावर दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय तर स्पारिंग बंद, डॉक्टर गाठायचा. हेडगार्डवरही विसंबू नका. ते कातडी फुटण्यापासून वाचवतं, आतला मेंदू हलायचा तो हलतोच.

सरांना नंतर कळलंच. शिव्या घालून झाल्यावर ते म्हणाले, तू मानेने पळतोस, गुडघ्याने पळ. सगळी गोम इथे आहे. डोकं हलतं ते कंबर वळल्यामुळे आणि गुडघे वाकल्यामुळे. मान नुसती बरोबर जाते.

पहिला सराव दोरीचा. खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत खांद्याच्या उंचीला सुतळी बांधा. दोरी एका खांद्याजवळ येईल असे उभे राहा, गुडघे वाकवून डोकं खालून पलीकडे काढा, अर्धं पाऊल पुढे, पुन्हा अलीकडे. डोक्याचा रस्ता इंग्रजी 'यू'सारखा झाला पाहिजे. नजर समोर, हात गालाशी. कंबरेतून वाकून जमिनीकडे बघायला लागलात की अपरकटला आमंत्रण! शिवाय प्रतिस्पर्ध्याच्या पट्ट्याखाली डोकं घालणं हौशी बॉक्सिंगमध्ये फाउल धरतात.

दुसरा सराव माझ्या आवडीचा. जुन्या मोज्यात मूठ-दोन मूठ वाळू भरा, गाठ मारा, नाकाच्या उंचीला टांगा आणि झोका द्या. तो येईल तसं दोनच इंच बाजूला व्हायचं, जास्त नाही. कानाला वारा लागला पाहिजे. माइक टायसनच्या सरावात अशीच छोटी पिशवी असायची. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिलमध्ये कस डी'अमाटोंनी त्याला घडवलं. हेवीवेटच्या मानाने तो बुटका, समोरचे बहुतेक सहा फुटांच्या वरचे. त्यांच्या लांब हातांखालून आत शिरल्याशिवाय त्याचे ठोसे पोचणारच नव्हते. 1986 मध्ये विसाव्या वर्षी तो जगज्जेता झाला, तेव्हा सगळ्यांनी त्याचे ठोसे पाहिले. डोकं बघा ना राव! चुकवतानाच पुढच्या ठोशाची तयारी झालेली असते.

आपणही तेच करायचं. समोरचा उजवखोरा असेल तर त्याचा जॅब डाव्या हाताने येतो, म्हणजे आपण आपल्या उजवीकडे सरकायचं. वजन आपसूक मागच्या पायावर येतं, तिथूनच उजवा हात सोडायचा. डावीकडे सरकलात तर त्याचा उजवा हात वाटच बघत असतो. जोडीदाराला हळू, अगदी चालण्याच्या वेगाने जॅब मारायला सांगा. नजर त्याच्या ग्लोव्हवर नको, छातीवर ठेवा, कारण खांदा आधी हलतो. जमलं की वेग वाढवा.

एक खोड मात्र सगळ्यांना लागते, मलाही लागली होती. डावी-उजवी, डावी-उजवी, घड्याळाच्या लंबकासारखं. हुशार बॉक्सर दोनदा बघतो आणि तिसऱ्यांदा डोकं जिथे येणार तिथे आधीच ठोसा पाठवतो. म्हणून मधेच थांबा, एकाच बाजूला दोनदा जा.

रोज तीन मिनिटांचे तीन राउंड पुरेत. फोन कपाटाला टेकवून शूटिंग करा, हात खाली येतात ते स्वतःला कळत नाही.

आणि हो, सराव झाला की दोरी सोडून ठेवा. आमच्याकडे एकदा रात्री बाबा पाणी प्यायला उठले होते. त्यांनी काही डोकं हलवलं नाही.