माहितीची वाटणी : थरारपटाची कथारचना

व्याख्या

खून, पाठलाग, अपहरण, खंडणी या घटना थरारपटात वारंवार येतात. परंतु केवळ त्यांच्यामुळे एखादा चित्रपट थरारपट ठरत नाही. खून शोकांतिकेतही असतो आणि पाठलाग विनोदी चित्रपटातही. थरारपट ओळखण्याची खरी खूण म्हणजे माहितीची असमान वाटणी. कथेतील कोणत्या पात्राला काय ठाऊक आहे, प्रेक्षकाला त्याहून अधिक ठाऊक आहे की कमी आणि ही तफावत केव्हा भरून निघणार, यांवर पटकथेचा सारा डोलारा उभा असतो. जीथू जोसेफ यांचा मल्याळम ‘दृश्यम’ (2013) आणि निशिकांत कामत यांनी त्याच कथेवर गोव्यात घडवलेला हिंदी ‘दृश्यम’ (2015) ही या वाटणीची उत्तम उदाहरणे आहेत. त्यांची रचना उलगडायची तर शेवटही सांगावा लागतो, आणि तो पुढे सांगितला आहे.

उत्कंठा आणि धक्का

आल्फ्रेड हिचकॉक यांनी 1962 मध्ये फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या दीर्घ संवादात उत्कंठा आणि धक्का यांतील भेद एका साध्या प्रसंगातून मांडला. दोन माणसे टेबलाशी गप्पा मारत बसली आहेत आणि टेबलाखाली बॉम्ब आहे. प्रेक्षकाला तो माहीत नसेल, तर स्फोटाच्या क्षणी काही सेकंदांचा धक्का बसतो. बॉम्ब आणि त्याची वेळ आधीच दाखवली, तर त्याच निरर्थक गप्पा असह्य होतात आणि उत्कंठा पंधरा मिनिटे टिकते. प्रसंग तोच असतो, संवादही तेच असतात. फक्त माहिती देण्याची वेळ बदललेली असते. ‘व्हर्टिगो’ (1958) मध्ये हिचकॉक यांनी हेच तत्त्व मूळ कादंबरीला लावले. कादंबरीत अखेरपर्यंत राखलेले रहस्य त्यांनी चित्रपट संपण्याच्या बऱ्याच आधी उघड केले. त्यानंतर प्रश्न ‘ती कोण’ हा उरला नाही. ‘त्याला कळल्यावर काय होईल’ हा झाला.

रहस्यपटाशी नाते

रहस्यपट प्रेक्षकाला मागे ठेवतो, तर थरारपट बहुधा त्याला पात्रांच्या पुढे नेतो. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (1964) पहिल्या प्रकारात येतो. पत्नीच्या मृत्यूचे दुःख सोसणाऱ्या वकिलासमोर न्यायालयात तिच्यासारखीच दिसणारी आरोपी उभी राहते आणि आपणच ती पत्नी असल्याचा दावा करते. हीच कथा पुढे हिंदीत ‘मेरा साया’ (1966) या नावाने आली. तिथे प्रेक्षकाजवळ वकिलापेक्षा अधिक माहिती नसते. दोघेही एकाच कोड्यासमोर उभे असतात. प्रत्यक्षात बहुतेक चांगल्या पटकथा दोन्ही प्रकारांचे मिश्रण करतात. प्रमाण कोणते राखायचे, हा लेखकाचा निर्णय असतो.

संथ पूर्वार्ध

हिंदी ‘दृश्यम’चा पूर्वार्ध लांबला आहे, असा आक्षेप अनेकदा घेतला जातो. तो मान्य करणे कठीण आहे. चौथी नापास केबलचालक विजय साळगावकर, रात्र रात्र कार्यालयात बसून चित्रपट पाहण्याची त्याची सवय, पत्नीशी होणारी काटकसरीवरची कुरबुर, दोन मुली आणि लाचखोर उपनिरीक्षक गायतोंडेशी असलेले वैर हे सारे घरगुती वाटते. उत्तरार्धात यातील बहुतेक प्रत्येक तपशिलाचा हिशेब होतो. चित्रपटांचे वेड हीच विजयची शिक्षणसंस्था ठरते, तर गायतोंडेचे वैर त्याच्या साक्षीला संशयास्पद करते. भारतीय पटकथेला मध्यंतराचाही विचार करावा लागतो. पाश्चात्त्य मांडणीत कथा सलग चढत जाते. इथे मधल्या विरामापूर्वी एक वळण यावे आणि प्रेक्षक बाहेर जाताना प्रश्न सोबत घेऊन जावा, अशी अपेक्षा असते. म्हणूनच इथला पूर्वार्ध एका अर्थी स्वतंत्र चित्रपटासारखा रचला जातो.

दोन ऑक्टोबर

या कथेचे यंत्र एका तारखेभोवती फिरते. पोलीस महानिरीक्षक मीरा देशमुख यांचा मुलगा विजयच्या थोरल्या मुलीचे चोरून केलेले चित्रण दाखवून धमकावतो आणि झटापटीत तिच्या हातून मारला जातो. ही रात्र 2 ऑक्टोबरची. प्रेक्षक ती पाहतो, म्हणजे टेबलाखालचा बॉम्ब त्याला दाखवलेला आहे. दुसऱ्या दिवशी विजय कुटुंबाला पणजीला नेतो. सत्संग, हॉटेल, चित्रपट, बसप्रवास असे सारे यथासांग होते. त्यानंतर तो पुन्हा त्याच माणसांना भेटतो आणि बोलण्याच्या ओघात, कुणाला खटकू नये अशा बेताने, ‘दोन तारखेला आलो होतो’ हा उल्लेख पेरतो. काही दिवसांनी पोलीस चौकशीला येतात, तेव्हा साक्षीदार खोटे बोलत नाहीत. त्यांनी हे कुटुंब खरोखर पाहिलेले असते. माणसे खरी, ठिकाणे खरी, प्रवास खरा. खोटी फक्त तारीख.

यामागे स्मृतीविषयीचे अचूक निरीक्षण आहे. सामान्य माणसाला चेहरा आणि प्रसंग लक्षात राहतो, तारीख सहसा राहत नाही. ती नंतर कुणीतरी पुरवली तर दृश्याला सहज चिकटते. चित्रपटाचे नावही याच निरीक्षणातून आले आहे. पाहिलेले टिकते, म्हणून दाखवण्यावर ज्याची पकड असते त्याला साक्षीही घडवता येते. मीरा देशमुख यांना ही युक्ती कळते, पण सिद्ध करता येत नाही. तपास अधिकाऱ्याला सत्य कळूनही हाती काही न लागणे, ही या पटकथेतील सर्वांत हुशार तफावत आहे.

सहानुभूतीची दिशा

‘सायको’ (1960) मध्ये नॉर्मन बेट्स प्रेत ठेवलेली मोटार दलदलीत ढकलतो. ती बुडता बुडता मध्येच थांबते. नॉर्मन चघळणे थांबवून टक लावून पाहतो आणि त्या काही क्षणांत प्रेक्षकालाही ती बुडावी असे वाटू लागते. अपराध लपवणाऱ्याच्या काळजीत प्रेक्षक सहभागी होतो, कारण त्या क्षणी दोघांजवळ सारखीच माहिती असते. ‘दृश्यम’मध्ये विजय मृत मुलाची पिवळी गाडी पाण्यात बुडवतो, तेव्हा हाच सहभाग अधिक उघड होतो, कारण त्याची बाजू आधीपासूनच आपलीशी झालेली असते. मात्र तोल राखण्यासाठी पटकथा मीरा देशमुख यांना केवळ खलपात्र करीत नाही. त्या अधिकाराचा दुरुपयोग करतात, लहान मुलीला मारहाण होऊ देतात, आणि तरीही त्या मुलाच्या शोधात असलेली आई राहतात. अखेरीस विजयने आडवळणाने दिलेली कबुली ऐकणाऱ्या त्या दोन पालकांच्या चेहऱ्यांवर या थरारपटाचे खरे वजन आहे.

राखून ठेवलेली एक गोष्ट

प्रेक्षकाला सर्व दाखवले आहे, असे भासवून पटकथा एक गोष्ट बाजूला ठेवते. प्रेत घरामागच्या खड्ड्यात पुरलेले प्रेक्षकाने पाहिलेले असते. मार खाऊन धाकटी मुलगी ती जागा सांगते, खड्डा खणला जातो आणि आत जनावराचे कलेवर निघते. प्रेत कुठे हलवले, याचे उत्तर अगदी अखेरीस मिळते: पोलीस ठाण्याच्या नव्या इमारतीखाली. हा धक्का फसवणूक वाटत नाही, कारण त्या इमारतीचे बांधकाम पूर्वार्धात उघड्यावर दिसत असते. दुवा डोळ्यांसमोर असावा, पण त्याच वेळी लक्ष दुसरीकडे गुंतलेले असावे, हा या प्रकारातील प्रामाणिकपणाचा मूलभूत संकेत आहे. शेवटी अचानक जुळा भाऊ किंवा ‘ते सारे स्वप्न होते’ असा खुलासा टाकणाऱ्या कथा तो मोडतात आणि म्हणून प्रेक्षकाला चीड येते.

शेवट कोण ठरवतो

अपराधी सुटावा की पकडला जावा, हे केवळ लेखकाच्या हातात नसते. अमेरिकेत 1934 ते 1968 या काळात पाळल्या गेलेल्या निर्मिती संहितेनुसार गुन्हेगाराला शिक्षा होणे आवश्यक होते. त्या काळातील अनेक शेवट याच सक्तीतून आले आहेत. भारतातील प्रमाणनाची मार्गदर्शक तत्त्वे गुन्ह्याची कार्यपद्धती दाखवण्याबाबत सावधगिरी सांगतात, तरीही विजय कायद्याच्या हाती लागत नाही. मीरा देशमुख यांना समोरासमोर दिलेल्या त्या अर्ध्या कबुलीतच त्याची शिक्षा आहे. चीनमध्ये याच कथेवरून ‘शीप विदाउट अ शेफर्ड’ (2019) तयार झाला, तेव्हा नायक अखेरीस स्वतः कायद्याच्या स्वाधीन होतो. बाकीची रचना जवळपास तशीच राहिली आणि तेवढ्या एका बदलाने कथेचा अर्थ उलटला. मूळ कथेत कुटुंबासाठी केलेले असत्य जिंकते, तर तिथे राज्यसंस्थेपुढे दिलेली कबुली.