सूर्य तोच, ऊन वेगळं

अमेरिकेच्या ‘टेरा’ उपग्रहावरची ‘सेरेस’ ही उपकरणं मार्च 2000 मध्ये मोजणी करू लागली. पृथ्वीवरून किती ऊन परतवलं जातं आणि किती उष्णता अवकाशात निसटते, याची नोंद तेव्हापासून अखंड चालू आहे. तिला पंचवीस वर्षं उलटून गेली. आता टेराचं कक्षा सांभाळण्यापुरतं इंधन संपलं आहे आणि 2020 नंतर त्याची कक्षा सरकत चालली आहे. नेमक्या याच वेळी या नोंदीतला एक आकडा उचलून जुना वाद पुन्हा उकरला जातो आहे. पृथ्वी पूर्वीपेक्षा जास्त ऊन शोषते आहे, असं ही नोंद दाखवते. त्यावरून ‘बघा, तापमानवाढीचं कारण कार्बन डायऑक्साइड नव्हे, सूर्यच!’ म्हणणाऱ्यांना नवं बळ आलं आहे. वास्तविक हा वाद 2001 ते 2010 या दशकात लढला गेला आणि तेव्हाच निकालात निघाला होता. तो निकाल लोकांपर्यंत पोचला नाही, याला वाद हरलेले जितके जबाबदार आहेत तितकेच जिंकलेलेही.

त्याआधीचा काळ भराभर ओलांडला तरी चालेल. पूये यांनी 1838 मध्ये सूर्याच्या उष्णतेचं माप काढलं, युनिस फूट यांनी 1856 मध्ये आणि टिंडल यांनी 1859 पासून वायूंच्या उष्णता शोषण्यावर प्रयोग केले, अऱ्हेनियस यांनी 1896 मध्ये हिशेब मांडला. स्मिथसोनियन संस्थेच्या अ‍ॅबट यांनी तर डोंगरमाथ्यांवरून दशकानुदशकं सूर्य मोजला आणि त्याच्या चढउतारावरून हवामानाचं भाकीत करता येईल असं मानलं. ते चढउतार बव्हंशी मधल्या हवेचे होते. नोव्हेंबर 1978 पासून निंबस-7 उपग्रहावरून वातावरणाबाहेर मोजणी सुरू झाली, तेव्हा कळलं की अकरा वर्षांच्या सौरचक्रात सूर्याचं तेज जेमतेम 0.1 टक्का हलतं. सूर्याकडे तोंड करून धरलेल्या एका चौरस मीटरवर सुमारे 1361 वॅट ऊर्जा पडते. पृथ्वी गोल आहे आणि तिचा अर्धा भाग रात्रीत असतो, म्हणून सरासरीला त्याची चौथाई, म्हणजे 340 वॅट, येते. त्यातले सुमारे 100 परत जातात आणि 240 शोषले जातात. एवढ्याच भांडवलावर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे 18 अंश सेल्सिअस राहिलं असतं. ते 15 अंशांच्या आसपास आहे, कारण जमिनीने बाहेर सोडलेली उष्णता पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड वाटेत शोषतात आणि तिचा मोठा भाग पुन्हा खाली पाठवतात. सौरचक्राचा 0.1 टक्का या हिशेबात उतरवला, तर तो चौरस मीटरमागे 0.2 वॅटच्या आतबाहेर भरतो.

आता त्या दशकाकडे येऊ. ‘सोर्स’ हा उपग्रह 2003 मध्ये गेला आणि त्याने सूर्याचा आकडा 1366 च्या ऐवजी 1361 च्या घरात दाखवला. विरोधकांनी टाळ्या पिटल्या. पृथ्वीच्या ऊर्जेच्या जमाखर्चातली, म्हणजे शोषलेल्या आणि बाहेर गेलेल्या ऊर्जेतली, तफावत एका वॅटहून कमी सांगता आणि सूर्यच पाच वॅटने चुकता, हा त्यांचा प्रश्न वरकरणी बिनतोड होता. उत्तर साधं होतं, पण ते देताना शास्त्रज्ञांनी इतकी तांत्रिक भाषा वापरली की ऐकणाऱ्याला ती सारवासारव वाटली. जुन्या उपकरणांची पुढची खिडकी मोठी होती. तिच्यातून जादा प्रकाश आत शिरून विखुरत असे आणि मोजमाप फुगत असे. मात्र दरवर्षी ते सारखंच फुगत असल्यामुळे वाढ किंवा घट ओळखण्यात त्याने अडथळा आला नाही. पाच वॅट उपकरणाचे होते, सूर्याचे नव्हते.

मग आला वैश्विक किरणांचा सिद्धांत. सूर्य मंदावला की अवकाशातून जास्त किरण येतात, त्यांच्यामुळे ढग वाढतात आणि पृथ्वी थंड होते. सूर्य जोरात असला की याच्या उलट. डेन्मार्कच्या स्वेन्समार्क यांनी 1997 मध्ये पुढे केलेली ही कल्पना मुळात टाकाऊ नव्हती, तपासण्याजोगी होती. आपल्याकडे इस्रोचे माजी अध्यक्ष उ. रा. राव यांनी जानेवारी 2011 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये तापमानवाढीचा मोठा वाटा या किरणांच्या घटीकडे दिला, आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तो निबंध वाजतगाजत पुढे केला. राव यांचा अधिकार वादातीत होता. खटकते ती मंत्रालयाची घाई, कारण उत्तरपत्रिका तोवर निसर्गानेच लिहून दिली होती. 2008 आणि 2009 या दोन्ही वर्षांत सूर्यावर 260 किंवा त्याहून अधिक दिवस एकही डाग नव्हता. 2009 मध्ये वैश्विक किरण अवकाशयुगातल्या उच्चांकावर पोचले. सिद्धांत खरा असता, तर पृथ्वी निवायला हवी होती. प्रत्यक्षात 2010 हे तोवरच्या सर्वांत उष्ण वर्षांच्या पंगतीत जाऊन बसलं. 2005 ते 2010 या काळात, सूर्य सर्वांत मंद असतानाही, पृथ्वी चौरस मीटरमागे सुमारे 0.58 वॅट जादा ऊर्जा साठवत होती, असं हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी प्रामुख्याने समुद्रातल्या आर्गो तरंडांच्या नोंदींवरून दाखवलं. शिवाय सूर्यच तापवत असता, तर स्थितांबर हा वातावरणाचा वरचा थरही तापला असता; तो थंड होत होता. खालची उष्णता अडवणाऱ्या वायूंची ही खूण आहे. एवढा स्वच्छ प्रयोग निसर्ग क्वचितच करून दाखवतो. तरीही ते दशक लोकांच्या लक्षात राहिलं ते ‘तापमानवाढ थांबली’ या आरोळीमुळे. 1998 च्या प्रबळ एल निनोपासून मोजायला सुरुवात केली की पुढचं सगळं सपाटच दिसणार, हे सांगायला हवं होतं तेव्हा जाणकार मंडळी ‘हरवलेल्या उष्णते’वर आपसात वाद घालत बसली.

भारताला या दशकात आणखी एक धडा मिळाला, तो पुण्याहून. भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवलं की 1981 ते 2004 या काळात भारतात जमिनीवर पोचणारं ऊन वर्षाला चौरस मीटरमागे जवळपास 0.9 वॅटने घटत गेलं. कारण सूर्यात नव्हतं. ते धुरात, काजळीत, तरंगत्या कणांत होतं. त्याआधी 2002 मध्ये राष्ट्रसंघाचा आशियावरच्या तपकिरी ढगाचा अहवाल आला, तेव्हा एकट्या आशियाला का झोडपता, हे धुकट मळभ तर फक्त कोरड्या महिन्यांतलं, असा आक्षेप जे. श्रीनिवासन आणि सुलोचना गाडगीळ यांनी घेतला होता. त्यात तथ्य होतं. पण सरकारी वर्तुळाने त्यातलं फक्त दुखावलेपण उचललं. धूर ऊन अडवतो, म्हणजे तापमानवाढीचा काही भाग तो झाकूनही ठेवतो, ही अवघड गोष्ट चर्चेत आलीच नाही.

आज नेमकी तीच समोर उभी आहे. पृथ्वीच्या जमाखर्चातली तफावत 2005 ते 2019 दरम्यान सुमारे 0.4 वॅटवरून 1.1 वॅटपर्यंत गेली, आणि तिचा मोठा हिस्सा जास्त ऊन शोषलं गेल्यामुळे आहे. मग सूर्यवाद्यांचं म्हणणं खरं ठरलं का? नाही, येणारं ऊन जवळपास तितकंच आहे, परतवलं जाणारं कमी झालं आहे. समुद्रावरचं बर्फ घटलं, खालच्या थरातले ढग विरळ झाले, चीनने धुराड्यांना आवर घातला आणि जानेवारी 2020 पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा 3.5 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यांवर आली. यातल्या कशाचा वाटा किती, यावर एकमत झालेलं नाही. मात्र बर्फाची घट हा तापमानवाढीचाच परिणाम आहे आणि ढगांची घट काही अंशी तरी तसाच असण्याची शक्यता आहे. म्हणजे कार्बनला दोषमुक्त करायला जो पुरावा पुढे केला जातो, त्यातला बराचसा कार्बनच्याच खात्यावर पडू शकतो. शिवाय धूर कमी करणं चूक होतं, असाही याचा अर्थ नाही; त्या धुराने माणसं मरतात.

एवढं सगळं सांगता येतं ते नोंद तुटली नाही म्हणून. ती तुटली की काय होतं, याचा दाखला आहे. 1986 मध्ये चॅलेंजर यान स्फोटात नष्ट झालं आणि अवकाशफेऱ्यांचं वेळापत्रक कोलमडलं. सूर्य मोजणारं पहिलं ‘अ‍ॅक्रिम’ 1989 मध्ये संपलं, दुसरं 1991 मध्ये गेलं. दोन उपकरणांचे आकडे एकमेकांशी जुळवायचे, तर ती काही काळ एकत्र चालावी लागतात. इथे तसं झालं नाही. मधल्या दोन वर्षांच्या फटीतून ‘सूर्य उजळत चालला आहे’ हा दावा निघाला आणि पुढची दोन दशकं तो चघळला गेला. सर्वांत नवं सेरेस 2017 मध्ये गेलं. त्याच्या जागी यायचं ‘लिबेरा’ अजून वाटेवर आहे. आपल्याकडची स्थिती याहून वाईट. भारत-फ्रान्सच्या ‘मेघा-ट्रॉपिक्स’ उपग्रहावर ‘स्कॅरॅब’ हे फ्रेंच उपकरण होतं. उष्ण कटिबंधातलं परतणारं ऊन आणि निसटणारी उष्णता, दोन्ही ते मोजत असे. मार्च 2023 मध्ये तो उपग्रह प्रशांत महासागरावर उतरवून नष्ट करण्यात आला, आणि त्याच्या जागी तसं उपकरण घेऊन दुसरा भारतीय उपग्रह गेलेला नाही. इन्सॅटवरून उष्णतेचा अंदाज निघतो, पण तो काही ठरावीक तरंगपट्ट्यांवरून. मोसमी ढग एकूण किती ऊन परतवतात, याची थेट मोजणी त्यातून मिळत नाही.