जुनी गिटार पारखताना

‘जुने ते सोने’ असे आपण म्हणतो. वाद्यांच्या बाबतीत तर ही म्हण हमखास ऐकू येते. ‘लाकूड पन्नास वर्षे मुरले आहे, म्हणून नाद गोड’, असे विकणारा सांगतो आणि किंमत चढवतो. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी साठवलेल्या पैशांतून सेकंडहँड गिटार घेणार असेल, तर हे बोलणे कितपत खरे मानावे? ते पारखण्यासाठी एक फूटपट्टी, एक कागद आणि शाळेत शिकलेले ध्वनीचे नियम एवढे साहित्य पुरेसे आहे.

कांदिवलीला माझ्या घरी अशी एक जुनी क्लासिकल गिटार आहे. तिच्या आतल्या चिठ्ठीवर १९७४ हे साल छापलेले आहे. क्लासिकल गिटार म्हणजे नायलॉनच्या सहा तारांची, बोटांनी छेडायची गिटार. तिला आजचे रूप दिले ते स्पेनमधील कारागीर आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) याने. तिच्या तारेची कंप पावणारी लांबी साधारणपणे ६५० मिलीमीटर असते.

तारेचा स्वर तीन गोष्टींवर अवलंबून असतो : तारेची लांबी, तिच्यावरील ताण आणि दर मीटर लांबीचे वस्तुमान. गिटारच्या खर्जाच्या तारेची कंपनसंख्या ८२.४ हर्ट्झ, तर सर्वांत उंच स्वराच्या तारेची ३२९.६ हर्ट्झ, म्हणजे बरोबर चौपट असते. लांबी मात्र दोघींची सारखीच! कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा केवळ ताण वाढवून ती चौपट करायची, तर ताण सोळापट करावा लागेल. वाद्याला हे झेपणार नाही. म्हणून खालच्या तीन तारा नायलॉनच्या धाग्यांवर धातूची बारीक तार गुंडाळून जड केलेल्या असतात.

आता पडदे पाहू. सतारीचे पडदे सरकवता येतात, गिटारचे मात्र दांडीत पक्के ठोकलेले असतात. त्यामुळे त्यांच्या जागा आधीच गणिताने ठरवाव्या लागतात. सप्तकाचे बारा समान भाग करायचे, तर प्रत्येक पडद्याला कंपनसंख्या १.०५९५ पट व्हायला हवी. त्यासाठी उरलेल्या लांबीचा १७.८ वा भाग दर वेळी कमी करावा लागतो. ६५० मिलीमीटरच्या तारेवर पहिला पडदा ३६.५ मिलीमीटरवर येतो आणि बारावा ३२५ मिलीमीटरवर, म्हणजे बरोबर मध्यावर. थोर शास्त्रज्ञ गॅलिलिओ यांचे वडील विन्सेंझो गॅलिली हे ल्यूट नावाचे तंतुवाद्य वाजवीत. त्यांनी १५८१ मध्ये सोयीसाठी १८ वा भाग घ्यायला सांगितले होते. तुम्ही गणित करून पाहा : बाराव्या पडद्याशी सुमारे २.४ मिलीमीटरचा फरक पडतो.

यातूनच पहिली परीक्षा मिळते. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसते टेकवून ती छेडा. मोकळ्या तारेच्या दुप्पट कंपनसंख्येचा स्वर निघेल. मग त्याच पडद्यावर तार दाबून छेडा. दोन्ही स्वर जुळले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा निघाला, तर बहुधा तारा पडद्यांपासून फार उंच गेलेल्या आहेत. दाबताना तार जास्त ताणली जाते, म्हणून स्वर चढतो. तार झिजलेली असली तरी स्वर चुकतो. तेव्हा शक्य तर नव्या तारा लावूनच निर्णय घ्यावा.

दुसरी परीक्षा दांडीची. तार पहिल्या आणि बाराव्या पडद्यावर एकाच वेळी दाबा. ताणलेली तार ही उत्तम सरळ पट्टीच असते. मधल्या पडद्यांवर तार आणि पडदा यांत जाड कागद जाईल इतकीच फट हवी. फट फार मोठी असेल तर दांडी वाकली आहे असे समजा.

तिसरी परीक्षा घोडीची. सहा नायलॉन तारांचा एकूण ताण सुमारे ४० किलोग्रॅम वजनाइतका असतो आणि तो सारा पुढच्या, जेमतेम अडीच मिलीमीटर जाड फळीवर चिकटवलेल्या घोडीवर येतो. घोडीच्या मागच्या कडेखाली कागद सरकत असेल तर सरस सुटू लागला आहे. अशा गिटारला कोणी पोलादी तारा लावल्या, तर ताण ७० किलोग्रॅमच्या आसपास जातो. कित्येक चांगल्या गिटारी अशाच फुकट जातात.

आता हवामानाचा विचार करू. लाकूड ओलावा शोषून फुगते, पण लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत फुगते. गिटारची पुढची फळी स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाची, सुमारे ३६ सेंटीमीटर रुंद असते. तिच्यातील ओलावा चार टक्क्यांनी वाढला तर ती सुमारे २ मिलीमीटर रुंदावू पाहते. पण आतून आडव्या चिकटवलेल्या पट्ट्या तिला अडवतात, म्हणून ती वर फुगते आणि तारा उचलल्या जातात. एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे जंगल असलेल्या आमच्या कांदिवलीत पावसाळ्यात हे पट्टीने मोजता येते. हीच गिटार मे महिन्यात नागपूरला नेली, तर उलट घडते. कोरड्या हवेत फळी आकसते आणि तडकू शकते. म्हणून वाद्य पेटीत ठेवावे आणि वातानुकूलन यंत्राच्या झोतात कधीही ठेवू नये.

राहिला प्रश्न ‘मुरलेल्या’ लाकडाचा. काळानुसार लाकडाच्या रासायनिक घटकांत फरक पडतो, हे खरे. पण कानाला तो कळतो का? २०१० मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे २१ व्हायोलिनवादकांना अंधुक उजेडात, काळे चष्मे लावून जुनी आणि नवी व्हायोलिने वाजवायला दिली. त्यांत स्ट्रॅडिव्हेरियसची जगप्रसिद्ध वाद्येही होती. जुने कोणते आणि नवे कोणते, हे बहुतेकांना ओळखता आले नाही. गिटारच्या पाठीसाठी शिसवीचे लाकूड मौल्यवान मानतात. आपल्या सह्याद्रीत वाढणारी शिसवही त्यासाठी परदेशी जाते. परंतु तोर्रेसने १८६२ मध्ये पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या असलेली गिटार बनवून, नादाचे मर्म पुढच्या फळीत आहे असे दाखवले होते. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे.

तेव्हा वय हा गुण नव्हे आणि दोषही नव्हे. पन्नास वर्षे ताण सोसूनही दांडी सरळ आणि घोडी घट्ट राहिली असेल, तर ती कारागिराच्या कौशल्याची खूण होय. जुन्या वाद्याची किंमत सालावर नव्हे, या खुणांवर ठरवावी. घरी किंवा शेजारी गिटार असेल तर पट्टी घेऊन तिच्या पडद्यांची अंतरे मोजा आणि आपल्या गणिताशी ताडून पाहा. बाराव्या पडद्याजवळ तारांची उंची आज मोजून वहीत नोंदवा आणि पुन्हा ऑगस्टमध्ये मोजा. कानांना जे सांगता येत नाही, ते ही वही सांगेल.